शेंगेन व्हिसावर मुक्काम ९० दिवस, पण तारीख १५ ऑगस्टपर्यंत. आई-बाबांनी नक्की कधी निघायचं?

अनघा_र

आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे येताहेत, स्वीडनला, गोथेनबर्गला. बाळ तीन महिन्यांचं आहे त्यामुळे सगळेच अधीर झालोत. शेंगेन व्हिसे (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) काल हातात पडले. स्टिकरवर 'पासून'च्या पुढे ३ मे, 'पर्यंत'च्या पुढे १५ ऑगस्ट, मुक्कामाचे दिवस ९० आणि प्रवेश एक, असं छापलंय.

तिकिटं ३ मेला सकाळी पोचायची आणि ३१ जुलैला संध्याकाळी निघायची काढलीत, अर्जालाही तेच बुकिंग जोडलं होतं. आता घरात तीन मतं झालीत. भाऊ म्हणतो १५ ऑगस्टपर्यंत व्हिसा दिलाय ना मग तिकीट पुढे ढकल आणि १० तारखेला पाठव, नवरा म्हणतो तीन महिने म्हणजे ३ ऑगस्ट, आणि मला वाटतं ९० म्हणजे ९०. कोण बरोबर?

दुसरं म्हणजे सीमेवर अधिकारी काय विचारतात? आईला इंग्रजी समजतं, पण समोर गणवेशातला माणूस दिसला की ती गप्पच होते. मी विमानतळावर बाहेर उभी असणारच आहे, पण आत काय होतं ते जरा सांगा.

टिपकागद

तुम्ही बरोबर. ९० म्हणजे मोजून ९० दिवस, तीन महिने नव्हेत. आणि पोचायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही पूर्ण धरतात, रात्री पावणेबाराला उतरलात तरी तो दिवस गेला. ३ मेपासून मोजा: मेचे २९, जूनचे ३०, जुलैचे ३१, झाले ९०. म्हणजे ३१ जुलै हा शेवटचा दिवस.

१५ ऑगस्ट कुठून आलं तेही सांगतो. एका प्रवेशाच्या व्हिसावर मुक्कामाच्या दिवसांपुढे १५ दिवस जास्तीचे देतात, येणं चार-आठ दिवस पुढे गेलं तर अडचण नको म्हणून. ३१ जुलै अधिक १५ म्हणजे बरोब्बर १५ ऑगस्ट. म्हणजे आई-बाबा १० मेला आले तर ७ ऑगस्टपर्यंत राहू शकतात. पण ३ मेला येऊन १० ऑगस्टपर्यंत नाही. 'पासून-पर्यंत' ही खिडकी आहे, 'दिवस' हा मुक्काम आहे. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या.

खलाशी

+१. भावाला टिपकागद यांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवा.

वाटसरू

नियम बरोबर आहे पण एवढं घाबरण्यासारखं काही नसतं असं माझं मत. माझे सासू-सासरे काही वर्षांपूर्वी ९२ दिवस राहिले होते, आमचीच मोजदाद चुकली होती. निघताना अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, शिक्का मारला आणि जा म्हणाला. नंतर त्यांना दुसरा व्हिसाही मिळाला. एक-दोन दिवसांसाठी कुणी अडवत नाही.

टिपकागद

@वाटसरू, तेव्हा अधिकाऱ्याला शिक्के शोधून बोटांवर मोजायला लागायचं, मागे रांग असायची. आता ते दिवस गेले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची ईईएस नावाची प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली, सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं सगळ्या सीमांवर आणायची असं ठरवून. शिक्क्याच्या जागी संगणकात नोंद होते, चेहऱ्याचा फोटो, कुठून आलात, कधी आलात, कधी गेलात. व्हिसावाल्यांचे बोटांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, ते सीमेवर जुळवून बघतात. दिवसांचा हिशोब मशीनच करतं. जास्त राहिलेला माणूस आपोआप यादीत येतो. नोंद तीन वर्षं राहते, आणि बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षं.

दंड किती, पुढे बंदी घालायची का, हे देशादेशावर आहे. पण आई-बाबांना पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असेल तर ९१वा दिवस कशाला लावून घ्यायचा?

मृण्मयी_

दिवस मोजण्यावरून आमचा घोळ सांगते, कारण तो अजून वेगळा होता. माझ्या आईकडे मल्टिपल, म्हणजे अनेक प्रवेशांचा, व्हिसा होता, त्यावरही ९० दिवसच लिहिलेले. ती फेब्रुवारीत आली, २ तारखेपासून २६ पर्यंत, म्हणजे २५ दिवस. मग म्हणाली आता मेमध्ये येते निवांत तीन महिने. आम्हाला वाटलं परत गेली म्हणजे पाटी कोरी झाली. तसं नसतं! कुठलाही एक दिवस घ्या, त्या दिवसासकट मागचे १८० दिवस बघा, त्यात ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. १८० दिवसांची ही पट्टी रोज एकेक दिवस पुढे सरकते. १० मेला ती आली तेव्हा फेब्रुवारीचे २५ दिवस पट्टीत होतेच, त्यामुळे तिला फक्त ६५ मिळाले, १३ जुलैला निघावं लागलं. आम्ही तिकीट ५ ऑगस्टचं काढून बसलो होतो.

युरोपियन कमिशनच्या साइटवर दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर आहे, फुकट आहे, तारखा टाकल्या की उत्तर देतं. तिकीट काढायच्या आधी ते उघडा एवढंच सांगणं. अनघा, तुझे आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत म्हणजे तुला ही भानगड नाही.

भटकी_जमात

एक प्रवेश आहे ना? मग एक गोष्ट आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा, शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. "आलेच आहेत तर लंडन दाखवू" हा विचार डोक्यात आला तरी ब्रिटनचा वेगळा व्हिसा तर लागतोच, शिवाय लंडनहून परत स्वीडनला येता येणार नाही कारण एक प्रवेश वापरून झाला. आयर्लंड पण शेंगेनमध्ये नाही.

सगळ्यात फसवी जागा अँडोरा. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये डोंगरात एवढुसा देश, लोक गाडीनं दुपारी जेवायला जाऊन येतात. पण तो शेंगेनमध्ये नाही आणि तिथे जायला-यायला वाट फ्रान्समधून किंवा स्पेनमधूनच आहे. एका प्रवेशाच्या व्हिसावर आत गेलात तर बाहेर पडायचे वांधे. व्हॅटिकन, सान मारिनो, मोनाको इथे मात्र काही अडचण नाही, तिथे सीमेवर तपासणीच नसते.

उत्तरेकडचं पण लिहितो, तुम्ही स्वीडनमध्ये आहात म्हणून. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, तिथे व्हिसाच लागत नाही, पण ते शेंगेनच्या बाहेर धरलंय, त्यामुळे नॉर्वेतून जाऊन परत यायला दोन प्रवेश लागतात. ग्रीनलंड आणि फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात आहेत पण साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, स्टिकरवर तसं वेगळं लिहिलेलं असावं लागतं.

खलाशी

अँडोराचं माहीत नव्हतं! नकाशात बघितलं तर बोटाखाली झाकला जातो.

भटकी_जमात

@खलाशी आणि त्या बोटाखालीच लोकांचे व्हिसे संपतात :)

निनाद७७

अवांतर, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांना कामाचं. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नियम सैल झाला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्ट तेवढा शिल्लक असेल तर. 'नीट वापरले' हे महत्त्वाचं, वर वाटसरू म्हणतात तसे दोन दिवस जास्त राहिलात तर ते नीट वापरणं नव्हे. आणि पाच वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे पाच वर्षं राहता येतं असं नाही, १८० मधले ९० तिथेही आहेतच.

पासपोर्टबद्दल पण बघून घ्या. शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असला पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला असला पाहिजे आणि दोन पानं कोरी हवीत.

वाटसरू

बरं, मशीनचं पटलं. माझा अनुभव जुना आहे हे मान्य, ९२ दिवसांचं कुणी माझ्या भरवशावर करू नका.

पण एक मनातलं लिहितो. व्हिसा मिळवतानाच माणूस अर्धा होतो. गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा नाकारला. नोकरी, बँकेचे कागद, तिकीट, हॉटेल, सगळं दिलं होतं. ९० युरो फी गेली ती गेलीच, परत मिळत नाही. आणि कारण म्हणून छापील फॉर्मवर एका चौकोनात खूण, प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती याबद्दलची माहिती विश्वासार्ह नाही. पंधरा वर्षं एका जागी नोकरी करणाऱ्या बाईची कुठली माहिती विश्वासार्ह नाही? दोन रात्री झोपली नव्हती ती. राग आला तो अजून गेला नाही.

टिपकागद

@वाटसरू, वाईट वाटलं वाचून. त्या खुणेत माणसाबद्दल काही नसतं, कागदांत काहीतरी जुळत नसतं, आणि नेमकं काय ते लिहीत नाहीत हा त्या फॉर्मचा खरंच मोठा दोष आहे. पण नकार हा कायमचा डाग नाही. अपील करता येतं, कुठे आणि किती दिवसांत ते त्याच फॉर्मवर दिलेलं असतं, किंवा सरळ नवा अर्ज करता येतो. बहिणीनं अर्ज कुठल्या देशाकडे केला होता आणि जास्त रात्री कुठे होत्या?

वाटसरू

फ्रान्सकडे. रात्री म्हणाल तर पॅरिसला चार, इटलीत सात.

टिपकागद

मग मला वाटतं गाठ तिथे असावी. जिथे जास्त दिवस राहणार किंवा जिथलं मुख्य काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. सगळीकडे सारखेच दिवस असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. सात रात्री इटलीत म्हणजे अर्ज इटलीकडे. अमुक देशाकडे अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि राहायचं भलतीकडे, हे त्यांना कागदांवरून लगेच दिसतं.

पुढच्या वेळी लवकर करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, जास्त तपासायचं असेल तर ४५.

वाटसरू

अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणूनच फ्रान्सकडे केला होता. कुणीच सांगितलं नाही हे. बहिणीला आज फोन करतो.

शुभदा_काकू

अनघा, तुझ्या आईसाठी लिहिते. मी ६७ वर्षांची, लेकाकडे चार वेळा जाऊन आले, पहिल्या वेळी माझे पण पाय लटपटत होते.

अगं, काही नसतं त्यात. काचेमागे बहुतेक तरुण मुलं-मुली असतात. मला विचारलं कशाला आलात, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. बस. एकदा पैसे किती आणलेत विचारलं होतं. मोठी मोठी वाक्यं जुळवायला जाऊ नये, तिथेच आपण अडखळतो. लेकीकडे आलेय, ९० दिवस राहणार, हे तिकीट. एवढंच. समजलं नाही तर पुन्हा विचारा म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आणि आई-बाबांनी एकत्रच काचेपाशी जायचं, वेगवेगळ्या रांगेत उभं राहायचं नाही.

व्हिसा असला म्हणजे आत सोडलंच पाहिजे असं मात्र नसतं हं, शेवटचा शब्द सीमेवरच्या माणसाचा. म्हणून जे कागद अर्जाला लावले त्याची एक प्रत हातातल्या पिशवीत हवी. तुझं निमंत्रणाचं पत्र, पत्ता, तुझा फोन नंबर मोठ्या अक्षरात, परतीचं तिकीट, इन्शुरन्स. फोनमध्ये नको, कागदावर. मोठ्या बॅगेत तर अजिबात नको, ती आपल्या आधी निघून गेलेली असते. माझी पहिल्या वेळी फाइल मोठ्या बॅगेत होती आणि मी रांगेत रडकुंडीला आले होते.

अनघा_र

काकू, आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. खूप खूप आभार.

केतन_प

निमंत्रणाच्या पत्राचं निघालंच आहे तर, ते प्रत्येक देशात वेगळं असतं बरं. आम्ही जर्मनीत, इथे पालकांचा खर्च आपण उचलणार असू तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन सही-शिक्क्याचं हमीपत्र करावं लागतं. ताईकडे फ्रान्समध्ये तेच काम नगरपालिकेत होतं. साधं हातानं लिहिलेलं पत्र सगळीकडे चालत नाही.

आणि फिरायला ट्रेननं जाणार असाल तर पासपोर्ट घरी ठेवून जाऊ नका. शेंगेनमध्ये आतल्या सीमा नाहीत असं आपण म्हणतो, पण देश गरजेनुसार तपासणी लावू शकतात. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर लावली. डब्यात पोलीस येतात आणि विचारतात.

स्नेहा_ग

उशिरा आले धाग्यावर, सगळं वाचलं. एक कुणीच विचारलं नाही. अनघा, विमान थेट आहे का? की मध्ये कुठे बदलायचंय?

अनघा_र

थेट नाही, जाता-येता दोन्हीकडे ॲमस्टरडॅमला बदल आहे. का गं?

स्नेहा_ग

मग दोन गोष्टी. एक, पासपोर्ट तपासणी गोथेनबर्गला होणारच नाही. शेंगेनमध्ये पहिलं पाऊल जिथे पडतं तिथे होते, म्हणजे ॲमस्टरडॅमला, आणि प्रश्न विचारणार डच अधिकारी. स्वीडननं दिलेला व्हिसा तिथे चालतो, त्याची काळजी नको. पण तू बाहेर उभी असशील ती गोथेनबर्गला. आत काही अडलं तर तू जवळ नसशील, फोनवरच असशील. ॲमस्टरडॅम ते गोथेनबर्ग देशातल्या देशात असल्यासारखं विमान.

दोन, परतताना उलटं. गोथेनबर्गहून निघाले म्हणजे शेंगेनमधून निघाले असं नाही. बाहेर पडल्याची नोंद ॲमस्टरडॅमला होणार. तिथलं पुढचं विमान किती वाजता आहे?

अनघा_र

थांब बघते.

अनघा_र

अरे देवा. ३१ जुलैला संध्याकाळी गोथेनबर्गहून निघतात, रात्री १०:३५ ला ॲमस्टरडॅम. पुढचं विमान १ ऑगस्टला सकाळी ११:५०. मी 'निघणं ३१ जुलै' एवढंच बघत होते इतके दिवस.

मृण्मयी_

९१!!

टिपकागद

माझ्याकडूनही हे निसटलं. मी ३१ जुलै बरोबर म्हणून मोकळा झालो, विमान कुठून कसं जातंय ते विचारायला हवं होतं. स्नेहा, वेळेवर आलात.

वाटसरू

१०:३५ ला उतरले तर बाराच्या आत पासपोर्ट तपासणी करून पलीकडे जाऊन बसता येईल ना? नोंद ३१ जुलैची होईल. रात्र आत काढायची, सकाळी विमान.

स्नेहा_ग

नोंद तपासणीच्या वेळेची होते हे खरं, त्यामुळे कागदावर जमतं. पण मी माझ्या आई-बाबांना त्यावर पाठवणार नाही. पहिलं विमान तासभर उशिरा आलं की संपलं, बाहेर जाणारी काउंटर तेवढ्या रात्री उघडी असतील का बघा, शिवाय रात्रभर खुर्चीत बसायचं ते दोन वयस्कर माणसांनी. आणि एवढं करून जिंकायचा काय तर एक दिवस. त्यापेक्षा दोन दिवस अलीकडचं तिकीट घे.

भटकी_जमात

स्नेहाशी सहमत. विमानच रद्द झालं वगैरे तर मुदत वाढवून मिळू शकते, आपल्या हाताबाहेरचं कारण असेल तर, पण त्याला अर्ज, पुरावे सगळं आलं. आपणच काढलेलं तिकीट हे हाताबाहेरचं कारण नव्हे. शेवटचे दोन-तीन दिवस नेहमी हातात ठेवावेत.

अनघा_र

बदललं. आता २८ जुलैला निघतात, त्याच दिवशी दुपारी ॲमस्टरडॅमहून पुढे, मध्ये रात्र नाही. तिकिटाचा फरक भरावा लागला, पण तो भरताना काही वाटलं नाही. नवऱ्यानं आणि भावानं दोघांनीही धागा वाचला. भाऊ म्हणाला, त्या स्नेहाताईंना माझ्याकडून थँक्यू सांग.

स्नेहा, थँक्यू!

शुभदा_काकू

छान केलंस. तारीख बदललीस तर इन्शुरन्सचं पण बघ गं. आणि जाताना ॲमस्टरडॅमला दोन विमानांच्या मध्ये वेळ किती आहे? तपासणीची रांग तिथेच लागणार, म्हाताऱ्या माणसांना चालायलाही वेळ लागतो. एअरलाइनला सांगून व्हीलचेअर मागून ठेव, आपल्याला गरज नाही असं बाबा म्हणतील, तरी माग. सोबतचा माणूस रांगेपर्यंत नेतो आणि पुढच्या गेटवर सोडतो.

अनघा_र

इन्शुरन्स १५ ऑगस्टपर्यंतचा आहे, ३०,००० युरोचा, तो राहू देते. मध्ये तीन तास आहेत. व्हीलचेअर दोघांसाठी सांगितली आत्ताच. बाबा अपेक्षेप्रमाणे नको म्हणाले, आईनं हो म्हणून फोन ठेवला.

नवीन_सभासद

माझे पण आई-बाबा जूनमध्ये येताहेत, मी व्हिएन्नात असतो. स्टिकरवर दिवस ४५ आहेत आणि तिकीट ४६ दिवसांचं निघतंय असं आत्ता हा धागा वाचून लक्षात आलं. परतताना फ्रँकफुर्टला बदल. मोजून द्याल का कुणी, तारखा टाकतो.

स्नेहा_ग

टाका. फ्रँकफुर्टहून सुटायची तारीख आणि वेळही टाका.